घरपट्टी वाढली कशी? दराआधी आकारणी वाचा

गेल्या काही वर्षांत राज्यातल्या बऱ्याच शहरांत घरोघरी मोजणीवाले येऊन गेले. खोल्या मोजल्या, वरचा पत्रा पाहिला, खालच्या गाळ्याचा फोटो काढला, 'भाडेकरू आहे का?' एवढं विचारलं आणि निघून गेले. काही महिन्यांनी नोटीस आली, त्यामागून बिल. बिल हातात पडलं की मोहल्ल्यात एकच चर्चा सुरू होते: 'घरपट्टीचा दर वाढवला.'

अनेक ठिकाणी दर वाढलेलाच नसतो. ज्या रकमेवर तो दर लावतात, ती रक्कम वाढलेली असते. हा फरक नीट समजला नाही तर माणूस चुकीच्या दारात जाऊन भांडतो. नगरसेवकाकडे दराची तक्रार करत बसतो आणि चूक असते कर विभागाच्या नोंदवहीत, तीही अर्ज केला तर दुरुस्त होणारी. म्हणून आम्ही आज दराबद्दल कमी आणि आकारणीबद्दल जास्त बोलणार आहोत.

आधी हे सगळं आत्ताच का चाललंय, ते पाहू. महापालिकांचा मोठा आधार होता जकात. (नाक्यावरची, आपली नव्हे.) ती टप्प्याटप्प्याने गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर मुंबईतही जकात संपली. नुकसानभरपाई सरकारकडून मिळते, पण स्वतःच्या हातातलं मोठं उत्पन्न म्हणून उरला तो मुख्यतः मालमत्ता कर. त्यात पंधराव्या वित्त आयोगाने अट घातली की शहरांना केंद्राचं अनुदान हवं असेल तर राज्याने मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढलेली दाखवावी. पालिकेपुढे मग दोन रस्ते उरतात. दर वाढवायचा, ज्याने लोक चिडतात. नाहीतर न नोंदलेली बांधकामं, वाढवलेले मजले, दुकान झालेल्या खोल्या शोधून काढायच्या. बहुतेकांनी दुसरा रस्ता धरला. त्यात गैर काही नाही. फक्त घाईत केलेल्या मोजणीत चुका राहतात आणि त्यांचं बिल घरमालक भरतो.

आता हिशेब पाहू. मुंबई सोडली तर राज्यातल्या बऱ्याच महापालिका अजून भाडेमूल्यावर कर लावतात. घर भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती मिळालं असतं, हा पालिकेने धरलेला अंदाज. तुम्ही प्रत्यक्षात भाडं घेता की नाही, याचा इथे संबंध नाही. समजा, ६०० चौरस फुटांचं घर आहे आणि त्या भागाला, त्या प्रकारच्या बांधकामाला महिन्याला चौरस फुटामागे २ रुपये दर धरला आहे. महिन्याचे १,२०० रुपये, वर्षाचे १४,४००. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की उरतात १२,९६०. हे झालं करयोग्य मूल्य. सगळे कर मिळून ४० टक्के होत असतील, तर बिल ५,१८४ रुपये. (आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक शहराचे वेगळे असतात.)

मोजणीवाल्याने ६०० च्या जागी ७५० लिहिलं तर बिल होतं ६,४८०. दर तोच. आणि क्षेत्रफळ बरोबर आहे, पण समोरची १५० फुटांची खोली 'बिगरनिवासी' म्हणून नोंदली आणि बिगरनिवासी भाड्याचा दर तिप्पट धरला, तर करयोग्य मूल्य १९,४४० वर जातं आणि बिल ७,७७६ वर. एका खोलीने घराची घरपट्टी दीडपट केली. त्यात बिगरनिवासी वापराला कराची टक्केवारीही जास्त असेल तर आकडा याच्याही पुढे जातो.

म्हणून बिल आल्यावर एकूण रकमेकडे नंतर बघा. आधी चार नोंदी पाहा: क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, बांधकामाचं वर्ष आणि वापर. बिलावर हे सगळं नसेल तर कर विभागाकडून आकारणीचा उतारा मागून घ्या. फी किरकोळ असते. जुनं घर नवं म्हणून नोंदलं, पत्र्याचं घर आरसीसी म्हणून नोंदलं, तर भाड्याचा दर आपोआप वर जातो.

'वापर' या एका शब्दाची किंमत

आपल्या वस्त्यांत सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. भिवंडी-मालेगावात घर आणि कारखाना यांच्यात एक भिंत असते, कधी तीही नसते. इतर ठिकाणी पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कुठे मुलांची शिकवणी, कुठे किराणा. मोजणीवाला क्षणभर डोकावतो आणि अख्खा तळमजला व्यापारी लिहून जातो. जिथे खरंच दुकान आहे, तिथे बिगरनिवासी दर लागणारच, त्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. भांडायचं ते किती जागेवर लावला यावर. दुकान १०० फुटांचं असेल तर १०० फुटांनाच लागला पाहिजे, मागच्या स्वयंपाकघराला नाही. दुकान बंद करून पाच वर्षं झाली असतील तर ते लेखी कळवल्याशिवाय नोंद बदलत नाही. पालिका आपणहून बघायला येत नाही.

ओळखायची एक सोपी खूण सांगतो. बिलात करांची यादी असते: सर्वसाधारण कर, पाणीपट्टी किंवा जललाभ कर, मलप्रवाह कर, अग्निशमन, वृक्ष, रस्ता, आणि राज्य सरकारचा शिक्षण कर. यातच 'रोजगार हमी कर' या नावापुढे रक्कम दिसली तर थांबा. हा कर शहरात बिगरनिवासी जागांवरच लागतो. तुमच्या घराच्या बिलात तो असेल, तर तुमच्या घराचा काही भाग पालिकेच्या दप्तरी दुकान किंवा कारखाना आहे.

मोठ्या एकत्र घरांसाठी आणखी एक गोष्ट. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठ्या निवासी जागांवर राज्याचा वेगळा कर आहे, १९७९ च्या कायद्याने आलेला. तीन भावांचे तीन संसार, तीन चुली, वेगळी दारं. पण नोंद एकच घर म्हणून असेल तर तो लागू शकतो. प्रत्येकाचा ताबा खरोखर वेगळा असेल तर स्वतंत्र आकारणीचा अर्ज करता येतो.

सवलत आहे, पण मागावी लागते

मुंबईत २०१० पासून पद्धत वेगळी आहे: भांडवली मूल्य. रेडी रेकनरचा दर आणि क्षेत्रफळ, त्याला वापर, बांधकाम, इमारतीचं वय, मजला यांचे गुणांक. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात रेडी रेकनरचे दर वाढले आहेत, त्यामुळे या पद्धतीत फेरआकारणी झाली की दर तसाच राहूनही बिल वाढू शकतं. पण मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या (४६.४५ चौरस मीटर) निवासी घरांना मालमत्ता कर माफ आहे. ५०१ व्या फुटाला ही माफी संपते, त्यामुळे क्षेत्रफळाची नोंद बरोबर असणं इथे हजारो रुपयांचा प्रश्न आहे. ठाण्यात, म्हणजे मुंब्रा-कौसाही आलं, ५०० फुटांपर्यंतची सवलत सर्वसाधारण करापुरती आहे. बाकीचे कर भरावेच लागतात.

सोसायटीत राहणाऱ्यांनी इथे आणखी एक बघायचं. पालिकेचं बिल पूर्ण इमारतीचं एकच येत असेल तर सोसायटी ते सभासदांत वाटते. सारखे भाग करून वाटलं तर ४०० फुटांचं घर ८०० फुटांच्या घराचा कर भरतं. घरपट्टी पालिकेने ज्या सदनिकेवर जेवढी आकारली तेवढीच त्या सभासदाकडून घ्यायची असते. सेक्रेटरीकडे पालिकेच्या बिलाची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे, शंका घेणं नव्हे.

पुण्याचा प्रश्न वेगळा. तिथे १९७० पासून स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणात आक्षेप आला, सरकारने ती बंद केली, बराच गदारोळ झाला आणि २०२३ साली ती पुन्हा सुरू झाली. पण नव्या घरमालकांना किंवा सवलत निघून गेलेल्यांना पीटी-३ नावाचा अर्ज भरून, आपण स्वतःच राहतो याचे पुरावे जोडून ती मागावी लागते. कोंढव्यात, कॅम्पात, हडपसरला घर घेतलेल्यांनी आपल्या बिलात ही सवलत दिसते का ते आजच पाहावं. घर भाड्याने दिलं असेल तर ती मिळत नाही, आणि खोटा अर्ज करू नये.

भाडेमूल्याच्या पद्धतीत सलग रिकाम्या राहिलेल्या घरालाही सर्वसाधारण करात काही सूट मिळण्याची तरतूद महापालिका कायद्यात आहे. सारं कुटुंब आखातात आणि घराला कुलूप, अशांच्या कामाची. अट एकच: घर रिकामं आहे हे आधी लेखी कळवलेलं हवं. परत आल्यावर सांगून उपयोग नाही.

कोकणातलं बंद घर आणि नमुना ८

गावाकडे हिशेब ग्रामपंचायतीचा. २०१५ अखेरच्या नियमबदलानंतर तिथेही भांडवली मूल्यावर घरपट्टी लागते: जागेचं मूल्य, बांधकामाचं मूल्य, त्यातून वयानुसार घसारा, आणि वापराचा भार. दर १,००० रुपयांच्या मूल्यामागे काही पैसे, असा लावतात. सरकारने किमान-कमाल मर्यादा घातली आहे, तिच्या आत ग्रामपंचायत दर ठरवते. चिऱ्याचं, वर कौलं असलेलं आजोबांच्या वेळचं घर आणि शेजारचा नवा स्लॅबचा बंगला एकाच वर्गात बसत नाहीत. आकारणी यादी, म्हणजे नमुना ८, दर चार वर्षांनी फेरतपासली जाते. त्या वेळी हरकती मागवतात. यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते आणि नेमकं त्याच वेळी गावात कुणी नसतं. मुंबईत किंवा कुवेतमध्ये असलेल्यांनी गावातल्या एका विश्वासू माणसाला ही यादी बघायला सांगून ठेवावं.

या नमुना ८ मध्ये नाव कुणाचं आहे, हा प्रश्न आमच्या मते रकमेपेक्षा मोठा आहे. वालिद वारले, घरपट्टी अजून त्यांच्याच नावाने येते, मोठा भाऊ भरतो. मग एक दिवस 'सोयीसाठी' एकट्या मोठ्या भावाचं नाव लागतं. पंधरा वर्षांनी घर विकायची वेळ येते तेव्हा बहिणींना सांगितलं जातं, 'नाव तर भाईजानचं आहे.' कायद्याने याला अर्थ नाही. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात वारसांचे हिस्से मृत्यूच्या क्षणी ठरतात. विधवा आई, मुली, मुलगे, सगळे आपापल्या हिश्श्याचे मालक होतात. घरपट्टीच्या नोंदीने कुणाचा हिस्सा जात नाही आणि कुणाला मिळतही नाही. कर कुणाकडून वसूल करायचा, एवढ्यासाठी ती नोंद असते, हे न्यायालयांनी पुन्हापुन्हा सांगितलं आहे.

तरीही चुकीची नोंद त्रास देते. बहिणीला आपला हक्क सिद्ध करायला दिवाणी कोर्टात जावं लागतं, आणि बहुतेक जणी जात नाहीत. म्हणून वारसनोंद करताना सगळ्या वारसांची नावं लावा, बहिणींची आणि अम्मीचीही. महापालिका कायद्यात वारसाने मृत्यूपासून एका वर्षाच्या आत कळवायचं असतं, खरेदीच्या बाबतीत तीन महिन्यांत. एखादी बहीण खरोखर राजीखुशीने हिस्सा सोडत असेल तर त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. घरपट्टीच्या अर्जाला जोडलेल्या साध्या 'ना हरकत' कागदाने ते काम होत नाही. फतव्याची गरज नाही इतकी ही गोष्ट सरळ आहे.

पावती काय वाचवते, काय वाचवत नाही

बिनपरवानगी इमारतीत घर घेतलेले अनेक जण पावती जपून ठेवतात. 'वीस वर्षं टॅक्स भरतोय, आता कोण पाडणार?' हा समज धोकादायक आहे. महापालिका कायद्याच्या कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर कर लागतो, वर शास्तीही लागते, आणि तरीही ते बांधकाम त्यामुळे नियमित होत नाही, असं तिथेच लिहिलं आहे. छोट्या घरांना पुढे या शास्तीत सवलती मिळाल्या, पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ साली थकीत शास्ती माफ झाली. पण शास्ती माफ होणं म्हणजे बांधकाम कायदेशीर होणं नाही.

मग पावतीचा उपयोग काय? १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घर पाडण्याआधी मालकाला नोंदणीकृत टपालाने नोटीस, घरावरही नोटीस, किमान १५ दिवसांची मुदत आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागेल. (रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या बांधकामांना हे लागू नाही.) अशा वेळी तुम्ही त्या जागेत किती वर्षांपासून राहता, घर किती जुनं आहे, हे दाखवायला जुन्या पावत्या कामी येतात. नोटीसही बहुधा पालिकेच्या दप्तरी असलेल्या नावावर येते. तिथे मयत माणसाचं नाव असेल तर १५ दिवस कुणाला कळण्याआधीच संपतात.

थकबाकीचंही सांगितलं पाहिजे. मुदतीनंतर दरमहा २ टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला २४ टक्के. बँकेचं व्याज नको म्हणून घरकर्ज न घेणारी घरं आम्हाला माहीत आहेत. त्यातलीच काही पाच-पाच वर्षं घरपट्टी थकवतात आणि हा आकडा निमूटपणे भरतात. 'अभय योजना येईल, तेव्हा भरू' हा हिशेब कधी जमतो, कधी नाही. शास्ती माफ होते, मूळ रक्कम राहतेच. आणि मालमत्ता कराचा बोजा त्या मिळकतीवरच असतो. जुनं घर घेताना थकबाकी नसल्याचा दाखला घेतला नाही तर आधीच्या मालकाची थकबाकी तुमच्या दारात येते.

हरकतीची मुदत फार छोटी आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच हुकतात. महापालिका हद्दीत नव्याने आकारणी झाली किंवा वाढवली तर विशेष नोटीस द्यावी लागते आणि तक्रारीला २१ दिवस मिळतात. नगरपालिकेत नोटिशीत लिहिलेली मुदत पाहावी. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, सोबत स्वतःच्या मोजमापाचा कच्चा नकाशा आणि खोल्यांचे फोटो जोडा. सुनावणीला घरातला जाणता माणूस जावा, एजंट नको. निर्णय मान्य नसेल तर न्यायाधीशाकडे अपील करता येतं, पण तिथेही मुदत १५ दिवसांचीच आणि वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे प्रत्यक्षात सामान्य माणसाची लढाई पहिल्या २१ दिवसांतच असते. नोटीस उर्दू शाळेच्या भिंतीवर नाही, घराच्या दारावर किंवा हातात येते. ती कपाटात ठेवून देऊ नका.

आता उरला खुद्द दर. तो महापालिकेची महासभा ठरवते. कायद्यातल्या कलम ९९ प्रमाणे पुढच्या आर्थिक वर्षाचे कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात. २०२२ पासून, काही शहरांत तर २०२० पासून, निवडून आलेली सभागृहंच नव्हती. प्रशासक दर ठरवत होते आणि विचारणारं कुणी नव्हतं. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्यायला सांगितल्यानंतर हे चित्र बदलू लागलं. आपल्या भागातला नगरसेवक लग्नात, जनाज्यात भेटतो. जानेवारीत त्याच्या हातात एक कागद द्यायला हरकत नाही. त्यावर एवढंच विचारा: या वर्षी आपल्या प्रभागाचा भाड्याचा दर किती धरला आहे, शेजारच्या प्रभागाचा किती, आणि फरक असेल तर तो कशामुळे?